आडव्या बाटलीच्या गावाला

मी नाशिकला राहते आणि दुभाषाचं काम करते, फ्रेंच आणि इंग्रजी. नाशकात या कामाला सध्या बरे दिवस आहेत. वाइन चाखायला परदेशी पाहुणे येतात, आणि त्यांच्या तोंडात घोट फिरत असताना मळ्याचा मालक काय म्हणतोय ते सांगायला कुणीतरी लागतं. तीस वर्षांच्या नोकऱ्या-बिकऱ्या उरकून मी शेवटी या घोटावर स्थिरावले होते. अशात मुंबईच्या एका संस्थेतून साळगावकर नावाच्या गृहस्थांचा फोन आला. मद्यपानाचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य, त्यासाठी अभ्यासदौरा, तीन दिवस, परभणी जिल्हा. माझं नाव कुणी सुचवलं म्हणून विचारलं तर म्हणाले, एका वायनरीनं.

परभणीला निघालेय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?" आमच्याकडे परभणीला माणूस दोनच कारणांनी जातो, मयतीला किंवा बदली झाली म्हणून. मी दारूच्या विरोधात जातेय हे सांगितल्यावर तर त्यांनी माझ्याकडे नीटच पाहिलं, कारण गेल्याच महिन्यात द्राक्ष महोत्सवात हातात ग्लास घेतलेला माझा फोटो पेपरात आला होता.

परभणी, पहिला दिवस

पाहुणे दोन. एलीझबाई बेल्जियमच्या, पंचावन्नच्या, गोड बोलणाऱ्या आणि समोर दिसेल त्याला 'भागीदार' म्हणणाऱ्या. त्यांच्या देशात मठातले साधू बिअर बनवतात आणि ती फार चांगली असते, हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत अभिमानानं सांगितलं. दुसरे युहानी, फिनलंडचे सरकारी अधिकारी, दाराची चौकट पाहून वाकणारे. ते काहीच बोलत नव्हते. पहिला तासभर मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. नंतर कळलं, त्यांच्याकडे बरं वाटणारा माणूसही एवढंच बोलतो.

कार्यशाळा आमच्या हॉटेलातच होती. तळमजल्यावर परमिट रूम, पहिल्या मजल्यावर सभागृह, आणि वर जायचा जिना परमिट रूमच्या दारासमोरून. साळगावकरांनी मोठ्या हुशारीनं परिषदेचा फलक बारच्या पाटीवर बांधून घेतला होता. फलक जरा आखूड पडला. त्यामुळे रस्त्यावरून वाचणाऱ्याला 'आंतरराष्ट्रीय सहकार्य परिषद' आणि त्याखाली 'आणि बिअर बार' असं सलग वाचता येत होतं. दुपारपर्यंत तीन माणसं चौकशीला वर येऊन गेली.

भाषणं झाली. एका वक्त्यांनी व्यसन कमी व्हावं पण महसूलही वाढता राहावा, असा तोल साधायला सांगितला, आणि टाळ्या घेतल्या. युहानींनी आपल्या देशाची माहिती दिली. तिथे कडक दारूची दुकानं सरकारच चालवतं, आणि शनिवारी लवकर बंद करतं. मागच्या रांगेतून धोतर-टोपीतले एक निवृत्त मास्तर उठले.

"तुमचं शनवारी दुकान लौकर बंद व्हतं म्हणता. मंग लोक शुक्रवारीच जास्ती घेऊन ठिवत असतेल की?"

मी इंग्रजीत सांगितलं. युहानी बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "हो."

त्या दिवसातलं सरळ उत्तर तेवढं एकच. मास्तर समाधानानं खाली बसले.

जेवणात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते पाण्यात सोडून उकळलं की आमटी तयार. मी नाशिकची, मिसळीच्या तिखटावर वाढलेली, त्यामुळे जरा तोऱ्यातच दोन घास मोठे घेतले आणि पाण्याचा तांब्या संपवला. एलीझबाईंनी ठेचा हा जॅमसारखा प्रकार समजून चमच्यानं खाल्ला. पुढचा अर्धा तास त्यांनी कुणालाही भागीदार म्हटलं नाही. युहानी मात्र शांतपणे दोन भाकऱ्या खाऊन तिसरीसाठी ताट पुढे करून बसले, आणि वाढणाऱ्या बाईंचा त्यांच्यावर लगेच जीव जडला.

संध्याकाळी साळगावकरांनी दुसऱ्या दिवसाचं सांगितलं. सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठी एक गाव आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिथल्या दुकानदाराला वकील चांगला मिळालेला आहे. या गावात देशी दारूचं परवाना असलेलं दुकान आहे आणि ते बंद करण्यासाठी उद्या बायकांचं मतदान आहे. ही आपल्याकडची रीत पाहुण्यांना समजावताना मलाही पहिल्यांदाच तिची गंमत कळली. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. मत फक्त बायकांनी द्यायचं. मात्र आडवीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पडून भागत नाही. गावच्या मतदारयादीत जेवढ्या बायका आहेत, त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई आजारी आहे, माहेरी आहे किंवा वर्षापूर्वी वारली आहे पण यादीत आहे, ती आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. एवढी सोय आपल्याकडे आमदारालाही नाही.

"आणि हरल्या तर?" युहानींनी विचारलं.

"वर्षभर पुन्हा मागता येत नाही," साळगावकर म्हणाले, आणि हुरडा किती वाजता खायचा या विषयाकडे वळले.

गंगेकाठ, दुसरा दिवस

जानेवारीत परभणीकडे येऊन हुरडा न खाता जाणं हा तिकडे अपमान समजतात. वाटेत एका मळ्यात थांबलो. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजत होती, मळ्यातल्या आजी ती तळहातावर चोळून दाणे काढत होत्या आणि सोबत तिळाची चटणी, गूळ, दही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यावर हरभरा आणि ज्वारी, आणि सकाळचं ऊन अजून अंगाला हवंहवंसं. आमच्या नाशकाकडे हुरडा पार्टीत हुरडा कमी आणि पार्टी जास्त असते. इथे ताक मिळालं. मी फार दिवसांनी इतकं चांगलं काही खाल्लं. हे सगळं खरं, पण मतदान सकाळी आठला सुरू झालं होतं आणि ते बघायला निघालेले आम्ही साडेदहाला बोटं चाटत बसलो होतो.

गावात शिरायला एकच वाट, एसटी थांबते त्या कोपऱ्यावरून, आणि कोपऱ्यावरच दुकान. मजुरी घेऊन बसमधून उतरलेला माणूस घरी जायचं म्हटलं तरी त्या दारावरूनच जाणार. आज नियमाप्रमाणे कुलूप होतं. कुलपालाही हार घातलेला होता. का, ते मांडवात पोचल्यावर कळलं.

स्वागत समितीचे अध्यक्ष दुकानाचे मालकच होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. मांडव त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, दुपारचं जेवण त्यांचं. पांढरे कपडे, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं साखरेचं. "मी सोता थेंबाला बी शिवत न्हाई," ते मला हात जोडून म्हणाले. मी भाषांतर केलं. दोन्ही दिवसांच्या सगळ्या मंडळींत पूर्ण निर्व्यसनी माणूस हाच एक निघाला, कारण एलीझबाईंना रात्री जेवताना बिअर लागते, साळगावकरांना तंबाखू, आणि माझं तर पेपरात आलेलंच आहे.

मग सत्कार सुरू झाले. ज्यांनी आपल्याकडचा सत्कार पाहिला नाही त्यांना सांगते, यात पाहुण्याला आधी ओवाळतात, मग फेटा बांधतात, मग शाल आणि नारळ देतात, मग ज्यांनी हे दिलं त्यांचा सत्कार होतो, कारण ते राहिले तर पुढच्या निवडणुकीपर्यंत धुसफूस चालते. युहानींच्या डोक्यापर्यंत हात पोचेना म्हणून फेटा बांधणारा खुर्चीवर चढला. समोर सतरंज्यांवर गावातल्या बायका बसल्या होत्या, दोन्ही वस्त्यांतल्या, काही कळशी घेऊन, काही पोरं घेऊन. लाउडस्पीकरवरून दर दहा मिनिटांनी सांगत होते की पाहुणे बसले आहेत तोवर कुणीही जागा सोडून पाहुण्यांचा अवमान करू नये.

एक वाजून गेला तेव्हा माझ्या खुर्चीमागे एक बाई येऊन उकिडव्या बसल्या. पन्नाशीच्या, निळ्या काठाची साडी, हातात घडी घातलेली मतदारयादी.

"जयभीम बाई. मी कमल. दुकान बंद करायच्या अर्जावर सह्या मीच गोळा केल्यात." त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, हे नंतर कळलं. "पाव्हण्यायला सांगा, उठा म्हणावं. शाळंत मत देयाचंय आन बाया हितं बसवून ठिवल्यात. पाव्हणे बसलेत तवर त्या कशा उठतेल?"

"मग तुम्ही सांगा ना त्यांना उठायला."

"आमच्यात पाव्हणा बसलेला आसताना कुणी पाठ दावून जात न्हाई बाई. त्ये शेठला चांगलंच ठावं हाय. म्हणूनच त्येनं मांडव दिला."

मग त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. नवरा याच दुकानानं नेला. थोरला मुलगा गवंडी आहे, हाताला चांगली कला आहे, पण एसटीतून उतरला की पाय त्या दारात वळतात. "सून म्हणायलीय, आत्या, आज दुकान ऱ्हायलं तर मी लेकरं घेऊन जाते माहेरी. आन ती बोलली की करती. मी तिला आडवू कशी? मीच पंचवीस वर्सं काडली, मला ठावं हाय." बोलताना त्यांनी समोर बोट केलं. दुसऱ्या रांगेत लेकराला मांडीवर घेऊन एक बारीकशी मुलगी बसली होती. तिचं नाव वैशाली.

इतक्यात एलीझबाईंना बोलायला उठवलं. त्या फ्रेंचमध्ये चार मिनिटं बोलल्या. विविध घटकांमधली भागीदारी, अनुभवांची देवाणघेवाण, स्थानिक नेतृत्व. चांगलंच बोलल्या. मी माइक घेतला आणि या कामात जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"बाई म्हणतात," मी म्हणाले, "आम्ही सत्कार घ्यायला आलेलो नाही, मतदान बघायला आलोय. तुम्ही बसून राहिलात तर आमचा अपमान होईल. आधी सगळ्याजणी जाऊन मत देऊन या."

कळश्या उचलल्याचा आवाज झाला आणि सगळा मांडव उभा राहिला. शेठ हातात शाल धरून तसेच राहिले. परदेशी पाहुणीच म्हणाली म्हटल्यावर त्यांना तोंड उघडता येईना. भागीदारीच्या मुद्द्याला एवढा उत्स्फूर्त प्रतिसाद आपल्याला कुठल्याच देशात मिळाला नाही, असं एलीझबाई भारावून मला म्हणाल्या. मीही मान डोलावली.

कमलताई मात्र यादीवर बोट फिरवत होत्या. "ह्या सगळ्या गेल्या तरी पुरत न्हाईत. गंगंच्या पल्याड पाथरीकडं फडावर आपल्या सतरा बाया हायत, ऊस तोडायला. सह्या घेतल्या तवा त्या गावात व्हत्या. मतदानाची तारीख बराबर तोडणीच्या दिवसात धरलीय." आमच्या नाशकासारखं तिकडेही गोदावरीला गंगाच म्हणतात. पुलावरून वळसा घालून जायचं म्हणजे तास लागणार, आणि एसटी संध्याकाळी.

युहानी फेटा सावरत जवळ उभे होते. काय चाललंय, त्यांनी विचारलं. या वेळी मी खरं तेच सांगितलं. त्यांनी मांडवाबाहेर पाहिलं. तिथे आमची मोठी प्रवासी गाडी आणि साळगावकरांची जीप झाडाखाली उभी होती.

"गाड्या तर उभ्याच आहेत," ते म्हणाले.

साळगावकर नियमांचं काहीतरी बोलू लागले. कार्यक्रमपत्रिकेत ऊसतोड कामगारांची भेट तिसऱ्या दिवशी होती, ती मी त्यांना काढून दाखवली आणि आजच उरकू म्हणाले. एलीझबाईंना मांडवात शेठच्या स्वाधीन करून कमलताई, युहानी आणि मी निघालो. त्यांना पुढची तीन भाषणं दुभाषाशिवाय ऐकावी लागली, आणि तीही त्यांना आवडली.

फडावर अर्धा ऊस उभा आणि अर्धा पाचटात आडवा. बायका साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट घालून मोळ्या बांधत होत्या. मुकादम, म्हणजे ज्यानं टोळी आणलेली असते आणि ज्याच्या शब्दाशिवाय कोयता खाली ठेवता येत नाही, तो मोटारसायकलवरून उतरून आला. तीन तासांसाठी बायका सोडायच्या म्हटल्यावर त्यानं हात झटकला. मग त्याचं लक्ष वर गेलं. युहानी गाडीतून उतरून उभे होते, डोक्यावर गुलाबी फेटा, चेहरा मख्ख, त्यांच्या नेहमीच्या सवयीनं एक शब्द न बोलता.

"ह्ये सायब कंच्या खात्याचे?" मुकादमानं हळूच विचारलं.

"वरचे," मी म्हणाले.

"वरचे म्हंजे मुंबईचे?"

"त्याच्याही वरचे."

मुकादमानं शिट्टी मारली. पाच मिनिटांत सतरा जणी गाड्यांत होत्या, दोघीतिघींच्या हातात कोयता तसाच. परतताना पुलावर एकीनं ओव्या सुरू केल्या. युहानींनी त्यांतल्या एकीचं लेकरू मांडीवर घेतलं होतं आणि ते फेट्याचा शेमला चघळत होतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय ते मला दोन दिवसांत पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं आणि मला फार आनंद झाला, हे कबूल करते.

शाळेपाशी पोचलो तेव्हा साडेचार व्हायचे होते. फाटकाबाहेर रांग होती. फडावरच्या बायकांना परत जायचंय म्हणून कमलताईंनी त्यांना पुढे घातलं. मग लेकुरवाळ्या पुढे, मग म्हाताऱ्या. त्या स्वतः शेवटी उभ्या राहिल्या. घरात बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तशाच त्या मतदानालाही शेवटी उभ्या राहिल्या, आणि हे मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

पाचला दहा कमी असताना एलीझबाई आल्या. सोबत साळगावकर आणि त्यांचा कॅमेरावाला. या चळवळीच्या नेत्याची मुलाखत हवी होती, ऊन जायच्या आत.

"दोनच मिनिटं," साळगावकर म्हणाले. "रांग तर केवढीशी उरलीय."

मीही रांगेकडे पाहिलं. आठ-नऊ जणी होत्या. वेळ होता. मी हाक मारली, "कमलताई, जरा दोन मिनिटं येता?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. वैशाली मत देऊन बाहेर येऊन थांबली होती. ती म्हणाली, "आत्या, ऱ्हाऊ द्या की नंतर." पण त्या आल्या.

सूर्य पाठीमागे येतोय म्हणून कॅमेरावाल्यानं त्यांना दोनदा हलवलं. मग पदराला माइक लावला. एलीझबाईंनी प्रश्न विचारला, आंतरराष्ट्रीय समुदायाकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत. मी मराठीत सांगितला.

कमलताई मला म्हणाल्या, "बाई, मी लाइन सोडून आलेय. माझं मत ऱ्हायलंय. लौकर आवरा." आणि त्यांनी हातानं फाटक दाखवलं.

दुभाषाला एक सवय लागते. समोरच्याचं बोलणं पाहुण्याला बोचणार नाही असं करून द्यायचं. वाइनच्या मळ्यात मालक म्हणतो, हे लोक फुकट पितात आणि काही विकत घेत नाहीत, तेव्हा मी सांगते की तुम्हाला आमची वाइन आवडली याचा त्यांना आनंद आहे. त्याच सवयीनं, काही विचार न करता, मी फ्रेंचमध्ये म्हणाले, "त्या म्हणतात, वेळ फार थोडा आहे."

एलीझबाईंचे डोळे भरून आले. किती नेमकं बोलल्या, असं म्हणून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा.

फाटकाची कडी वाजली तेव्हा कमलताई माइक लावलेल्याच धावल्या. नियम असा की पाच वाजता जेवढ्या रांगेत, तेवढ्यांना चिठ्ठी द्यायची आणि त्यांचं मत घ्यायचं. रांगेतल्या आत गेल्या होत्या. रांगेबाहेर एकच बाई होती.

"पाच वाजले मावशी," फाटकावरचा होमगार्ड म्हणाला. "मला न्हाई उघडता येत."

आतून अधिकारी आले. मी त्यांना मराठीत सांगितलं, युहानींनी इंग्रजीत सांगितलं, मी रागाच्या भरात थोडं फ्रेंचमध्येही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ दाखवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आख्ख्या दौऱ्यात ठरल्या वेळी घडलेली गोष्ट ती एकच.

मोजणी लगेच झाली. शाळेच्या व्हरांड्यात अधिकाऱ्यांनी आकडा वाचला. उभीला मूठभर. आडवीला यादीतल्या बायकांच्या बरोबर निम्मी मतं. निम्म्याहून एक जास्त हवं होतं.

कुणाला आधी नीट कळलंच नाही. निम्म्या म्हणजे जिंकलो ना, असं फडावरची एक बाई कोयता हातात धरून विचारत राहिली. मग कळलं. शेठ स्वतः आले, त्यांनी सगळ्यांना हात जोडले, आणि बायका दिवसभर ताटकळल्यात म्हणून चहा मागवला. वैशालीनं सासूकडे एकदा पाहिलं, लेकराला खांद्यावर घेतलं आणि घराकडे चालू लागली. कमलताई पायरीवर बसून पदराचा माइक सोडवत होत्या. क्लिप निघत नव्हती. मी वाकून काढून दिली.

"माझ्यामुळं झालं हे," मी म्हणाले.

"तुमी कामून? मी आले म्हणून झालं." त्या उठल्या. "पाव्हणे उपाशी आसतेल. धपाटे केलेत."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी धपाटे खाल्ले. ज्वारीच्या पिठात लसूण-मिरची घालून थापलेले, फार चांगले होते.

परत, तिसरा दिवस

सकाळी निघताना हॉटेलवर कमलताईंनी धाडलेला, कापडात बांधलेला हुरडा येऊन पडला होता. आमच्या तिघांच्या नावानं तीन पुडकी. एलीझबाईंनी हातांनी हृदयाची खूण करून फोटो काढला.

गाडीत युहानी माझ्या शेजारी होते. बराच वेळ बाहेर कापूस वेचणाऱ्या बायका बघत बसले. मग म्हणाले, "मला फ्रेंच थोडी कळते. त्या बाईंनी पहिल्यांदा उत्तर देताना फाटकाकडे हात केला होता. तुम्ही सांगितलंत ते नेमकं तसंच होतं का?"

"हो," मी म्हणाले.

आदल्या दिवशी मांडवात खोटं बोलले होते त्याचा अभिमान वाटत होता. या खोट्याची लाज वाटली.

नाशिकला आल्यावर महिन्याभरानं साळगावकरांचा मेल आला. अहवाल फारच छान झाला होता. मुखपृष्ठावर फेटे बांधलेले पाहुणे, मधोमध शेठ, खाली 'स्थानिक भागीदार'. आणि कमलताईंची मुलाखत. ती कुठल्यातरी मोठ्या परिषदेत दाखवणार होते, त्यावर मी फ्रेंच आणि इंग्रजी ओळी लिहून द्यायच्या होत्या. मी व्हिडिओ लावला. कमलताई बोलताहेत, हात फाटकाकडे आहे. चेहऱ्यामागे, जरा धूसर, होमगार्ड घड्याळ बघतो, एक दार लोटतो, मग दुसरं. त्यांना ते दिसत नाही. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या आम्हाला सगळ्यांना दिसायला हवं होतं, आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

या वेळी मी जसंच्या तसं लिहिलं. 'मी रांग सोडून आलेय. माझं मत राहिलंय. लवकर आवरा.' दोन दिवसांनी उत्तर आलं, या ओळी आशयाशी जुळत नाहीत, आम्ही जागेवरचं आधीचं भाषांतरच ठेवलं आहे, ते अधिक प्रेरणादायी आहे. पुढे परिषद झाल्यावर, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, असंही त्यांनी कळवलं.

मी कमलताईंना फोन केला. वैशाली संक्रांत झाल्यावर दोन्ही लेकरं घेऊन माहेरी गेली होती. मुलगा तिला आणायला गेला, पण एसटीच्या थांब्यापाशीच अडकला. हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला रडू आलं, त्यांना फोनवर कळलं असावं.

"रडू नका बाई. वर्स झालं की पुना सह्या गोळा करायच्यात. म्या वही आणून ठिवलीय."

"मी येईन त्या वेळी," मी म्हणाले. "काय लागेल ते सांगा. मी पाहुण्यांशीही बोलते."

"तुमी या की," त्या म्हणाल्या. "पर पाव्हणे आणू नका. गाड्या तेवढ्या धाडा."